ढगात बर्फ आहे की पाणी, हवेत धूळ आहे की धूर? लेझरचा परत आलेला प्रकाश हे कसं सांगतो

तारीख २३ जानेवारी २०२२, वार रविवार. मुंबई, ठाणे, पुण्यातल्या लोकांनी आपल्या गाड्या बघितल्या आणि मोबाईल बाहेर काढले. टपावर, काचेवर, आरशावर टाल्कम पावडर शिंपडावी तसा पांढुरका थर बसला होता. दुपारपर्यंत फोटो सगळीकडे फिरले आणि त्याच्याबरोबर अंदाजही फिरले. कुणी म्हणालं धुकं, कुणी म्हणालं बांधकामाची धूळ, कुणाला कारखान्याच्या चिमणीची शंका आली.

खरं कारण होतं पाकिस्तानच्या किनाऱ्याकडून आलेलं धुळीचं वादळ. जोराच्या पश्चिमी वाऱ्यांनी ती धूळ अरबी समुद्रावरून उचलून गुजरात आणि उत्तर कोकणापर्यंत आणली होती.

आता गाडीवर बसलेली धूळ बोटानं पुसून बघता येते. पण तीच धूळ डोक्यावर तीन किलोमीटर उंचीवर तरंगत असेल तर? वरून फोटो काढणाऱ्या उपग्रहाला एक तपकिरी पट्टा दिसतो, पण तो पट्टा जमिनीलगत आहे की विमानाच्या उंचीवर, हे फोटोवरून नीट कळत नाही. तो पट्टा धुळीचा आहे की शेतात जाळलेल्या काडाच्या धुराचा, हेही पुष्कळदा ठामपणे सांगता येत नाही. रात्री तर साध्या फोटोचा उपयोगच नाही.

या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देणारी एक युक्ती शास्त्रज्ञांकडे पन्नासहून जास्त वर्षं आहे. आकाशात लेझर मारायचा, परत आलेला प्रकाश पकडायचा आणि तो जाताना जसा होता तसाच परत आला का, एवढंच तपासायचं. ऐकायला फारच साधं वाटतं. पण याच तपासणीतून विमानं उडवायची की थांबवायची यासाठी माहिती मिळाली आहे आणि पृथ्वी किती तापणार याचे अंदाजही बदलले आहेत.

आधी लायडार समजून घेऊ

रडार रेडिओ लहरी सोडतं, लायडार प्रकाश सोडतं. हल्ली काही महागड्या आयफोनमध्ये आणि सेल्फ ड्रायव्हिंग गाड्यांमध्ये लायडार असतं म्हणून हा शब्द कानावर पडलेला असेल. तत्त्व तेच आहे, फक्त इथे समोर भिंत किंवा माणूस नसून हवा असते.

लेझरचा एक अतिशय छोटा झोत वर जातो. वाटेत हवेचे रेणू, धुळीचे कण, ढगाचे थेंब जे काही लागेल त्यावर आपटून प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतो. त्यातला अगदी थोडा भाग नेमका उलटा फिरून जिथून निघाला तिथेच परत येतो. दुर्बीण तो गोळा करते. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर, त्यामुळे जाऊन-येऊन किती वेळ लागला यावरून उंची काढता येते. झोत सोडल्यावर ६७ मायक्रोसेकंदांनी प्रकाश परत आला तर तो सुमारे १० किलोमीटर उंचीवरून आला. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. इतक्या बारीक घड्याळानं मोजत गेलं की जमिनीपासून वरपर्यंत हवेचा अक्षरशः उभा छेद मिळतो. कुठल्या उंचीवर थर आहे, तो किती जाड आहे, सगळं दिसतं.

पण साध्या लायडारला एक गोष्ट कळत नाही. परत आलेला प्रकाश जास्त आहे म्हणजे तिथे काहीतरी भरपूर आहे, हे कळलं. ते काय आहे, हे मात्र कळलं नाही. पातळ ढग आणि दाट धूळ यांच्याकडून सारखाच प्रकाश परत येऊ शकतो. इथे ध्रुवीकरण कामाला येतं.

ध्रुवीकरण, पण निवडणुकीतलं नाही

मराठीत हा शब्द आता राजकारणानं जवळपास बळकावला आहे. पदार्थविज्ञानात त्याचा अर्थ अगदी वेगळा. प्रकाश ही लहर आहे आणि ती पुढे जाताना आडव्या अंगाला थरथरते. एक लांब दोरी भिंतीला बांधा आणि दुसरं टोक हातात धरून वर-खाली हलवा. लाट दोरीवरून पुढे जाते, थरथर मात्र वर-खाली होते. हात डावी-उजवीकडे हलवलात तर थरथर आडवी होते. सूर्याच्या किंवा बल्बच्या प्रकाशात अशा सगळ्या दिशांच्या थरथरी एकत्र मिसळलेल्या असतात. ज्या प्रकाशात थरथर एकाच दिशेत होते त्याला ध्रुवित प्रकाश म्हणतात.

घरी पोलराइज्ड गॉगल असेल तर लॅपटॉपच्या किंवा एलसीडी टीव्हीच्या स्क्रीनसमोर धरून तो हळूहळू फिरवून बघा. एका कोनात स्क्रीन स्वच्छ दिसते, तिथून ९० अंश फिरवलं की जवळपास काळी पडते. स्क्रीनमधून एकाच दिशेत थरथरणारा प्रकाश बाहेर येतो आणि गॉगलची काच म्हणजे खिडकीच्या उभ्या गजांसारखी. उभी थरथर गजांमधून सुटते, आडवी अडकते.

लायडारमध्ये नेमकं हेच वापरतात. लेझर एकाच दिशेत थरथरणारा प्रकाश वर पाठवतो. परत आलेला प्रकाश एका खास प्रिझममधून नेतात. हे प्रिझम त्याचे दोन भाग करतं: मूळ दिशेत थरथरणारा एका डिटेक्टरकडे आणि त्याच्या काटकोनात थरथरणारा दुसऱ्या डिटेक्टरकडे. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की जो आकडा मिळतो त्याला डीपोलरायझेशन रेशो म्हणतात. मराठीत विध्रुवण गुणोत्तर. पाठवलेल्या प्रकाशाची थरथर किती बिघडून आली, याचं हे माप.

मोहरी आणि खडीसाखर

थरथर कशामुळे बिघडते? कणाच्या आकारामुळे. आकार म्हणजे लहान-मोठेपणा नव्हे, घडण.

मोहरीचा दाणा कसाही फिरवा, तो तसाच दिसतो. पाण्याचा छोटा थेंबही तसाच, सगळ्या बाजूंनी सारखा. त्यात एका अंगानं शिरलेला प्रकाश थोडा इकडे वळला तर दुसऱ्या अंगाचा तेवढाच उलटा वळतो, आणि नेमक्या मागच्या दिशेला दोघांची वजाबाकी होऊन बदल शून्य होतो. म्हणून एकाच गोल थेंबावरून सरळ परत आलेल्या प्रकाशाची थरथर जशी गेली तशीच येते. गुणोत्तर शून्य.

खडीसाखरेचा खडा घ्या. त्याला कोपरे आहेत, सपाट बाजू आहेत. प्रकाश एका बाजूनं आत शिरतो, आतल्या आत दोन-तीनदा तिरका आपटतो आणि कुठून तरी बाहेर पडतो. प्रत्येक तिरक्या टकरीत थरथरीची दिशा थोडी वळते. ढगातले सहा कोनी बर्फाचे स्फटिक असेच असतात. त्यांच्याकडून येणारं गुणोत्तर साधारण ०.३ ते ०.५ असतं. वाळवंटातल्या धुळीचे कण म्हणजे दगडाचे वेडेवाकडे तुकडे, त्यांचं हिरव्या लेझरला मिळणारं गुणोत्तर ०.३ च्या आसपास. ज्वालामुखीची राख म्हणजे फुटलेल्या काचेचा चुरा, ती याच्याही थोडी वर जाते.

आणि धूर? काजळीचे कण सूक्ष्मदर्शकाखाली बघितले तर काही गोल नसतात, द्राक्षांच्या घडासारखे वेडेवाकडे असतात. तरी त्यांचं गुणोत्तर बहुतेक वेळा ०.१ च्या खालीच राहतं. कण प्रकाशाच्या लहरीपेक्षा फार लहान असेल तर लहरीला त्याचे कोपरे जाणवतच नाहीत, हे त्याचं कारण. शिवाय धूर जुना होतो तसं त्यावर पाणी आणि इतर पदार्थांचं आवरण चढतं आणि कण आणखी गोल होतात.

समुद्री मिठाची गंमत वेगळीच आहे. दमट हवेत मिठाचा कण पाणी पिऊन गोल थेंब होतो, गुणोत्तर शून्याजवळ. तोच कण कोरड्या हवेत गेला की वाळून चौकोनी स्फटिक बनतो आणि गुणोत्तर ०.१ च्या वर उडी मारतं. पदार्थ तोच, फक्त ओलावा बदलला.

सुरुवात कशी झाली

पहिला लेझर थिओडोर मेमन यांनी मे १९६० मध्ये चालवला. तीन वर्षांत जॉर्जो फिओको आणि लुई स्मलिन यांनी अमेरिकेत रुबी लेझर आकाशाकडे वळवून वातावरणाच्या वरच्या थरांतून परत आलेला प्रकाश पकडला होता. ध्रुवीकरणाची युक्ती ढगांवर नीट लागू झाली ती १९७१ मध्ये, जेव्हा शॉटलँड, सासेन आणि स्टोन यांनी पाण्याचे थेंब आणि बर्फाचे कण वेगवेगळं गुणोत्तर देतात हे लायडारनं मोजून दाखवलं. यातल्या केनेथ सासेन यांनी पुढची कित्येक वर्षं याच विषयाला दिली.

यंत्र बनवताना डोकेदुखी होते ती वेगळ्याच ठिकाणी. दोन डिटेक्टर कधीच हुबेहूब सारखे नसतात. एक थोडा जास्त संवेदनशील असला की गुणोत्तर चुकलं, आणि धूळ आहे की धूर हा निकालही चुकला. म्हणून अधूनमधून यंत्रातली एक खास काच ठरावीक कोनात फिरवून दोन्ही डिटेक्टरना मुद्दाम सारखा प्रकाश देतात आणि त्यांच्यातला फरक मोजून ठेवतात. या कंटाळवाण्या कामावर अख्खे शोधनिबंध आहेत. ते वाचायला कुणी जात नाही, पण बाकीचे सगळे आकडे त्यांच्या जिवावर उभे आहेत.

ढग थंड आहे म्हणून त्यात बर्फच असेल असं नाही

शाळेत शिकवतात की पाणी शून्य अंशाला गोठतं. ढगातलं पाणी हे ऐकत नाही. स्वच्छ हवेतला छोटा थेंब उणे १०, उणे २० अंशांनाही पाणीच राहू शकतो. गोठायला त्याला आधार लागतो, धुळीचा एखादा योग्य कण लागतो. तो मिळाला नाही तर उणे ३८ अंशांच्या आसपासपर्यंत तो द्रव राहतो. याला अतिशीत पाणी म्हणतात. विमानाच्या पंखाला असा थेंब लागला की क्षणात त्याचा बर्फ होतो, म्हणून वैमानिकांना याची धास्ती असते.

ढगाचं तापमान मोजून आत बर्फ आहे की पाणी हे ठरवता येत नाही ते यामुळेच. विध्रुवण गुणोत्तर ते थेट सांगतं.

याचा सगळ्यात मोठा परिणाम दिसला अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरावर. नासा आणि फ्रान्सच्या सीएनईएस या संस्थांनी २८ एप्रिल २००६ रोजी कॅलिप्सो नावाचा उपग्रह सोडला. त्यावर ध्रुवीकरण मोजणारं लायडार होतं. ७०५ किलोमीटर उंचीवरून ते सेकंदाला सुमारे २० वेळा हिरवा आणि अवरक्त असा दोन रंगांचा झोत खाली मारायचं आणि एक मीटर व्यासाच्या दुर्बिणीनं परतीचा प्रकाश गोळा करायचं. त्यातून दिसलं की दक्षिण महासागरावरच्या थंड ढगांमध्ये अतिशीत पाणी भरपूर आहे. हवामानाची संगणकीय मॉडेल्स मात्र तिथे बर्फ जास्त धरून चालली होती.

बर्फ असो की पाणी, ढग तो ढग, असं वाटू शकतं. पण तेवढ्याच पाण्याचे असंख्य बारीक थेंब असतील तर ढग जास्त पांढरा दिसतो आणि जास्त ऊन परत पाठवतो. मोजके मोठे स्फटिक असतील तर कमी. मॉडेलचा हिशोब असा होता की पृथ्वी तापली की या ढगांतला बर्फ वितळून थेंब होतील, ढग उजळतील आणि तापमानवाढीला थोडा ब्रेक लागेल. आता ढगात मुळातच पाणी जास्त असेल तर वितळायला बर्फ उरतोच किती? ब्रेक कमी लागणार. आयव्ही टॅन, ट्रूडे स्टोरेल्व्हमो आणि मार्क झेलिंका यांनी २०१६ मध्ये एका मॉडेलमध्ये कॅलिप्सोची निरीक्षणं घालून बघितली. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर अखेर तापमान किती वाढेल, याचं त्या मॉडेलचं उत्तर ४ अंशांवरून ५ अंशांच्या पुढे गेलं. हे एका मॉडेलचं उत्तर आहे, भविष्यवाणी नव्हे, आणि यावर पुढे बराच वाद झाला. पण ढगातल्या थेंबांचा गोलपणा मोजून एवढा फरक पडू शकतो, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

आरसा बनलेला बर्फ

कॅलिप्सोच्या सुरुवातीच्या काळातली एक अडचण मला स्वतःला फार आवडते. काही बर्फस्फटिक कॅरमच्या सोंगटीसारखे चपटे असतात. हवेतून खाली येताना ते झाडाच्या पानासारखे आडवे होऊन तरंगतात. वरून सरळ खाली लेझर मारला की असे लाखो स्फटिक छोट्या आरशांसारखे वागतात. प्रकाश आत शिरून गोंधळ घालण्याऐवजी वरच्या पृष्ठभागावरूनच थेट परत येतो, थरथर न बिघडता. म्हणजे गुणोत्तर जवळपास शून्य आणि यंत्र म्हणतं, पाणी!

उपाय मजेदार होता. कॅलिप्सोचं लायडार सुरुवातीला सरळ खालच्या दिशेपासून फक्त ०.३ अंश तिरकं होतं. नोव्हेंबर २००७ मध्ये ते ३ अंश तिरकं केलं. आरशावरून परावर्तित झालेला झोत आता दुर्बिणीत न येता बाजूला जायला लागला आणि फसवणूक बरीच थांबली.

उलट बाजूचीही फसवणूक असते. दाट पाण्याच्या ढगात प्रकाश एका थेंबावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असा आपटत परत येतो. प्रत्येक थेंब गोल असला तरी या भटकंतीत थरथर बिघडते आणि ढगात जसजसं खोल जावं तसं गुणोत्तर वाढत जातं. म्हणजे शुद्ध पाण्याचा ढग बर्फासारखा दिसायला लागतो. पण फरक पकडता येतो. बर्फाच्या ढगात गुणोत्तर शिरल्या शिरल्याच जास्त असतं, पाण्याच्या ढगात ते शून्याजवळून सुरू होऊन चढत जातं. आता तर शास्त्रज्ञ या चढण्याच्या वेगावरून थेंबांची दाटी किती, याचाही अंदाज काढतात.

राख आणि विमानं

२४ जून १९८२ च्या रात्री ब्रिटिश एअरवेजचं एक जम्बो जेट इंडोनेशियातल्या जावा बेटाजवळून चाललं होतं. लंडनहून मुंबई, क्वालालंपूर असे थांबे घेत ते ऑकलंडकडे निघालेलं विमान. एकामागून एक चारही इंजिनं बंद पडली. विमानात २६३ माणसं. इंजिनाविना विमान घरंगळत खाली आलं, राखेच्या थरातून बाहेर पडल्यावर इंजिनं पुन्हा सुरू झाली आणि कॅप्टन एरिक मूडी यांनी ते जकार्ताला उतरवलं. समोरची काच घासून इतकी धुरकट झाली होती की बाहेरचं नीट दिसत नव्हतं.

ती राख गालुंगुंग ज्वालामुखीची होती. विमानाच्या रडारवर ती दिसलीच नाही, कारण ते रडार पावसाचे थेंब शोधतं आणि राख कोरडी व फार बारीक. इंजिनाच्या उष्णतेत ही राख वितळते आणि आतल्या भागांवर काचेसारखी जमते.

त्यानंतर नियम कडक झाले: राख असेल तिथे उडायचं नाही. याची किंमत एप्रिल २०१० मध्ये कळली. आइसलँडमधल्या एयाफ्यात्लायोकुत्ल (या उच्चाराची खात्री कुणी मागू नये) ज्वालामुखीचा १४ एप्रिलला स्फोट झाला आणि युरोपचं आकाश जवळपास आठवडाभर बंद पडलं. सुमारे १ लाख विमानफेऱ्या रद्द, सुमारे १ कोटी प्रवासी अडकले. विमान कंपन्या विचारत होत्या, आकाश निळं दिसतंय, राख आहे कुठे? आणि असली तर किती?

जर्मनीत लाइपझिग आणि म्युनिकजवळच्या लायडारांनी १६ एप्रिलला राखेचा थर पकडला. गुणोत्तर ०.३५ च्या आसपास, म्हणजे कण काचेच्या चुऱ्यासारखे. ज्वालामुखीतून राखेबरोबर सल्फर डायऑक्साइड वायूही निघतो आणि त्याचे गंधकाम्लाचे बारीक गोल थेंब बनतात. ते इंजिनाला राखेइतके घातक नसतात. साध्या लायडारला दोन्ही मिळून एकच थर दिसला असता. गुणोत्तर मोजल्यामुळे थरातला किती प्रकाश वेड्यावाकड्या कणांकडून आला आणि किती गोल थेंबांकडून, हे वेगळं काढता आलं आणि त्यावरून राखेचं वजन. लाइपझिगवर ते घनमीटरला सुमारे १ मिलिग्रॅम भरलं. याच दिवसांत युरोपात "राख दिसली की बंद" हा नियम बदलून "घनमीटरला २ मिलिग्रॅमपर्यंत चालेल" अशा मर्यादांकडे वाटचाल झाली. मर्यादा आकड्यात आली की तो आकडा मोजणारं कुणीतरी लागतं. ब्रिटनच्या हवामान खात्यानं पुढे खास राखेसाठी ध्रुवीकरण मोजणाऱ्या लायडारांचं जाळंच उभारलं.

आपल्यालाही हा विषय लांबचा राहिलेला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियातल्या हायली गुब्बी ज्वालामुखीची राख लाल समुद्र, येमेन, ओमान करत भारताच्या वायव्य भागापर्यंत आली आणि आपल्याकडे विमानफेऱ्या रद्द कराव्या लागल्या.

मान्सूनच्या ढगांवर बसलेला थर

जून ते सप्टेंबर या काळात भारतावर उंचच उंच ढग उभे राहतात. ते जमिनीलगतची हवा पंपासारखी वर खेचतात. ती हवा स्वच्छ नसते. २०११ मध्ये जाँ-पॉल व्हर्निए आणि सहकाऱ्यांनी कॅलिप्सोच्या नोंदी चाळून दाखवलं की दर पावसाळ्यात पूर्व भूमध्य समुद्रापासून चीनपर्यंत, साधारण १३ ते १८ किलोमीटर उंचीवर सूक्ष्म कणांचा एक प्रचंड थर तयार होतो.

तो आधी का दिसला नाही? कारण त्याच उंचीवर बर्फाचे पातळ ढग पसरलेले असतात आणि त्यांचा प्रकाश या कणांच्या कितीतरी पट जास्त असतो. इथेही गुणोत्तरानंच सोडवलं. जास्त गुणोत्तराचा सगळा प्रकाश बर्फाचा म्हणून बाजूला काढला, जे उरलं तो हा थर.

हे कण कशाचे, हे शोधायला इस्रो आणि नासा यांनी वाराणसी, हैदराबाद, गडंकी इथून फुगे सोडले. २०१९ मध्ये मायकेल होप्फ्नर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात या उंचीवर अमोनियम नायट्रेटचे कण सापडले. त्यातला अमोनिया जमिनीवरून येतो आणि त्याचा मोठा वाटा शेतीचा आहे, म्हणजे युरियासारखी खतं आणि जनावरांचं शेण-मूत्र. शेतात टाकलेल्या खताचा अंश पावसाळी ढगांवर स्वार होऊन विमानांच्याही वर जाऊन बसतो, हे वाचून मी तरी दोनदा खात्री केली.

भारतात कोण हे करतं

पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, १९८० च्या दशकातच आर्गॉन लेझरचं लायडार बसवून पुण्यावरच्या हवेतले कण मोजायला सुरुवात झाली होती. आंध्र प्रदेशात तिरुपतीजवळच्या गडंकीत १९९८ मध्ये भारत-जपान सहकार्यातून मोठं लायडार उभं राहिलं. ते ध्रुवीकरणाचे दोन्ही भाग वेगवेगळे मोजतं, आणि दक्षिण भारतावर डोळ्यांना दिसणारही नाहीत इतक्या पातळ, उंचावरच्या बर्फाच्या ढगांचा अभ्यास तिथे वर्षानुवर्षं झाला आहे.

यंत्र कुठे कमी पडतं

गुणोत्तर आकार सांगतं, पदार्थाचं नाव सांगत नाही. वाळवंटी धूळ, राख आणि काही झाडांचे परागकण यांची गुणोत्तरं एकमेकांजवळ येऊ शकतात. २०१७ मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर वातावरणाच्या वरच्या, कोरड्या थरात पोचला तेव्हा त्याचं गुणोत्तर ०.२ च्या आसपास भरलं. जमिनीजवळच्या धुराच्या हिशोबानं हे भलतंच होतं. म्हणून एकट्या गुणोत्तरावर निकाल देत नाहीत. दुसऱ्या रंगाच्या लेझरला काय दिसलं, थर किती उंचीवर आहे, वारा कुठून आला, हे सगळं जोडून बघतात.

दुसरी मर्यादा आपल्याला जास्त जाणवते. दाट ढगातून लेझर आरपार जात नाही. जुलैतल्या कोकणात जमिनीवरचं लायडार ढगाचा फक्त तळ बघतं, उपग्रहातलं फक्त माथा. मधल्या पाच-दहा किलोमीटरमध्ये काय चाललंय त्यासाठी रडारच लागतं. शिवाय उपग्रहाचं लायडार जमिनीवर शंभर मीटरही रुंद नसलेली एक रेघ ओढत जातं. त्याच रेघेवर परत यायला कॅलिप्सोला १६ दिवस लागायचे. तुमच्या गावावरून धूळ गेली त्या दिवशी उपग्रह शंभर किलोमीटर बाजूनं गेला असेल तर त्याला काहीच दिसलं नाही.

तरीही रेघा साठत गेल्या की चित्र तयार होतं. २००७ ते २०१३ च्या नोंदींवरून हिशोब निघाला की आफ्रिकेतून दरवर्षी सरासरी १८.२ कोटी टन धूळ अटलांटिककडे निघते आणि त्यातली सुमारे २.८ कोटी टन ॲमेझॉनच्या खोऱ्यात पडते. त्या धुळीतून जंगलाला दरवर्षी अंदाजे २२,००० टन फॉस्फरस मिळतो. यात समुद्री मीठ आणि धूर यांच्यापासून धूळ वेगळी काढली ती विध्रुवणानंच.

आता पुढे काय, आणि तुम्ही कुठे बघाल

कॅलिप्सो १७ वर्षं चाललं. मधे २००९ मध्ये पहिला लेझर बदलून राखीव लेझरवर काम सुरू करावं लागलं. १ ऑगस्ट २०२३ ला त्याचं काम थांबलं. त्याच सुमारास युरोपचा वारा मोजणारा एओलस उपग्रहही गेला. त्यावर लेझर होता, पण परतीच्या प्रकाशाचा बिघडलेला भाग मोजायची सोय नव्हती, त्यामुळे धूळ आणि बर्फ त्याला आहेत त्याहून कमी दिसायचे. मे २०२४ मध्ये युरोप आणि जपानचा अर्थकेअर गेला आणि त्याच्यावर मात्र ही सोय आहे. तो अतिनील लेझर वापरतो आणि सोबत ढगांसाठी रडारही घेऊन फिरतो. विमानतळावर ढगांची उंची मोजणारी छोटी यंत्रं असतात, त्यातल्या काही नव्या मॉडेल्समध्येही आता विध्रुवण मोजता येतं.

कॅलिप्सोची चित्रं नासाच्या साइटवर तारखेनुसार फुकट बघायला मिळतात. उभा अक्ष उंचीचा, आडवा अक्ष उपग्रहाच्या वाटेचा. मार्च ते मे मधली एखादी तारीख निवडा, राजस्थान किंवा पाकिस्तानवरून गेलेली रेघ शोधा आणि एकाच रेघेची दोन चित्रं शेजारी ठेवा, एकूण परत आलेल्या प्रकाशाचं आणि विध्रुवण गुणोत्तराचं. दोन्हीकडे उठून दिसणारा, जमिनीपासून तीन-चार किलोमीटरपर्यंत पसरलेला पट्टा बहुधा थरच्या वाळवंटाची धूळ असते. पहिल्या चित्रात ठळक आणि दुसऱ्यात जवळपास गायब होणारा पट्टा धुराचा किंवा शहरी प्रदूषणाचा असण्याची शक्यता जास्त. आणि दहा-बारा किलोमीटरच्या वर दोन्हीकडे झगमगणारं काही दिसलं, तर ते बर्फ आहे.